कोळसा, पांघरूण आणि वक्फ

मुस्लिम संस्कृतीतील वैद्यकशास्त्रावर उर्दूत आणि मराठीत जे लिहिले जाते त्यात काही नावे ठरलेली असतात. राझी, इब्ने सीना, जहरावी, इब्ने नफीस. शाळेच्या स्नेहसंमेलनात, मिलादच्या जलशात ही नावे अभिमानाने घेतली जातात आणि ती घ्यावीतच. परंतु ज्या इमारतीत हे हकीम रुग्ण तपासत होते तिचे भाडे, तिथल्या चुलीचा कोळसा, रुग्णाच्या अंगावरचे पांघरूण, औषध कुटणाऱ्याचा पगार हे सारे कुठून येत होते, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विद्वान मोठा होता हे सांगणे सोपे असते. त्याचा दवाखाना पन्नास वर्षे, शंभर वर्षे, पाचशे वर्षे कसा चालला हे सांगायला हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात. या लेखात मी वह्यांच्या बाजूने जाणार आहे.

आधी शब्द पाहू. ‘बीमारिस्तान’ हा मूळ फारसी शब्द. बीमार म्हणजे आजारी आणि ‘स्तान’ म्हणजे जागा. अरबांनी तो जसाच्या तसा उचलला आणि पुढे बोलण्यात त्याचा ‘मारिस्तान’ केला. तुर्कांनी आणि आपल्या दख्खनी सुलतानांनी ‘दारुश्शिफा’ म्हटले. माझ्या उर्दू माध्यमाच्या वर्गातली मुले ‘शिफाखाना’ लिहितात आणि बोलताना ‘दवाखाना’ म्हणतात. आजाराची जागा, बरे होण्याची जागा आणि औषधाची जागा, अशी तीन नावे एकाच घराला मिळाली. मिसरमध्ये मात्र ‘मुरिस्तान’ या शब्दाचा अर्थ घसरत घसरत वेड्यांचे इस्पितळ एवढाच उरला. संस्थेला उतरती कळा लागली की शब्दही खाली येतो.

दहाव्या शतकाच्या आरंभीचे बगदाद घ्या. खलिफा मुक्तदिरचा काळ. राज्य खिळखिळे झालेले, फौज पगारासाठी रस्त्यावर येणारी, दरबारात कारस्थाने. अशा काळात अली इब्ने ईसा नावाचा एक वजीर होता आणि सिनान इब्ने साबित नावाचा एक वैद्य. सिनान हा हर्रानच्या साबी पंथात जन्मलेला. त्याचा बाप साबित इब्ने कुर्रा हा मोठा गणिती. या वजिराने या वैद्याला लिहिलेल्या पत्रांचा मजकूर तेराव्या शतकातील चरित्रकार इब्ने अबी उसैबिआ याने जपून ठेवला आहे. त्याच्या ग्रंथात हकिमांच्या करामती पुष्कळ आहेत, पण माझ्या मते ही पत्रे त्या सगळ्या करामतींहून मोलाची आहेत.

एका पत्रात वजीर कैद्यांविषयी लिहितो. तुरुंगात गर्दी असते, जागा वाईट असते, त्यामुळे आजार होणारच. त्यांना बाहेर जाऊन वैद्य गाठता येत नाही. म्हणून रोज तुरुंगात वैद्य जावेत, सोबत औषधे आणि सरबते न्यावीत, आजाऱ्याला पथ्याचे जेवण द्यावे. दुसऱ्या पत्रात खेड्यांचा विचार आहे. इराकच्या सवाद प्रांतात वैद्य नसलेली गावे आहेत, तिथे औषधांच्या पेटीसह वैद्यांनी फिरावे आणि गरजेपुरते मुक्काम करावेत. आपण आज ज्याला फिरता दवाखाना म्हणतो तो हाच.

सिनानचे वैद्य फिरत फिरत सूरा आणि नहर मलिक या भागात पोचले. तिथली बहुसंख्य वस्ती यहुद्यांची. आता काय करायचे, असे त्याने वजिराला विचारले. बगदादच्या बीमारिस्तानात तर मुसलमान आणि जिम्मी दोघांवरही उपचार होतात, हेही त्याने लिहिले. वजिराचे उत्तर असे की जिम्मींवर उपचार करणे योग्यच आहे, जनावरांवरही करावेत. पण क्रम असा असावा की जनावरांआधी माणसे आणि जिम्मींआधी मुसलमान. उरेल ते पुढच्याला. आपल्यातले काही लेखक या उत्तराचा पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात. काही टीकाकार दुसरा सांगतात आणि पहिला गाळतात. पत्र एकच आहे, ते पूर्ण वाचावे. हजार वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याने परधर्मीयाला रांगेतून हाकलले नाही आणि रांगेत पुढेही घेतले नाही.

यापुढचे प्रकरण मला सर्वांत जवळचे वाटते. बगदादच्या मुखर्रिम मोहल्ल्यात एक बीमारिस्तान होते. त्याचा खर्च खलिफा मुतवक्किलच्या आईने करून ठेवलेल्या वक्फातून चालायचा. त्या वक्फाच्या उत्पन्नाचे दोन वाटे होते. एक बनू हाशिम घराण्यातील लोकांना आणि दुसरा बीमारिस्तानाला. वक्फाचा कारभारी बनू हाशिमचा वाटा वेळेवर पोचवायचा आणि दवाखान्याचा वाटा रखडवायचा. का, हे सांगायला नको. हाशिमी म्हणजे खलिफाचे भाऊबंद, शहरातले वजनदार लोक. ते दारात येऊन बसू शकत होते. अंथरुणावरचा आजारी कुठे जाणार? शेवटी सिनानने वजिराकडे तक्रार केली की रुग्णांना कोळसा नाही, अन्न पुरत नाही, पांघरुणे नाहीत. वजिराने ती तक्रार कारभाऱ्याकडे पाठवली आणि कडक शब्दांत जाब विचारला. पैसा कमी पडत असेल तर तो सर्वांनाच कमी पडायला हवा, एकाचाच वाटा का थांबतो, असा त्याचा रोख होता. दवाखान्याचे आधी पाहा, कारण तिथे दुबळी माणसे आहेत, असे त्याने बजावले.

मुतवल्ली हा शब्द ज्यांच्या घरात ऐकला जातो त्यांना हे प्रकरण हजार वर्षांपूर्वीचे वाटणार नाही.

त्याच काळात, ९३१ साली (हिजरी ३१९), बगदादमध्ये कुणा वैद्याच्या चुकीने एक माणूस मेला. खलिफाने हुकूम काढला की सिनानने परीक्षा घेतल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये. नामांकित आणि दरबारी वैद्य सोडून शहराच्या दोन्ही तीरांवर आठशे साठाच्या वर लोक परीक्षेला उभे राहिले. त्यातला एक किस्सा सांगण्याजोगा आहे. चांगल्या पोशाखातला एक म्हातारा सिनानसमोर आला. सिनानने त्याला मानाने बसवले. सगळ्यांची परीक्षा झाल्यावर म्हाताऱ्याने बाहीतून दिनारांची पुडी काढून पुढे ठेवली आणि सांगितले की मला लिहितावाचता येत नाही, पण घर याच धंद्यावर चालते, ते तोडू नका. सिनान हसला. जे समजत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचे नाही, जुलाब द्यायचा नाही, या अटींवर त्याने परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कोणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? कालचे म्हातारे. मग त्याच अटी तुलाही, असे सांगून सिनानने त्यालाही सोडले. परीक्षा घेणारा इतका उदार असावा का, याविषयी मास्तर म्हणून मला शंका आहे.

बगदादच्या बीमारिस्तानासाठी जागा निवडताना राझीने शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जिथले मांस सर्वांत उशिरा नासले ती जागा पक्की केली, ही गोष्ट आपल्या मासिकांत पुनःपुन्हा छापली जाते. गोष्ट सुंदर आहे. अडचण एवढीच की ती ज्या अजूदी बीमारिस्तानाविषयी सांगितली जाते ते सुरू झाले ९८२ साली आणि राझी वारला त्याच्या सुमारे अर्धशतक आधी. ही विसंगती खुद्द इब्ने अबी उसैबिआनेच नोंदवली आहे. राझीने दुसऱ्या एखाद्या बीमारिस्तानासाठी हे केले असेल किंवा ती नुसतीच दंतकथा असेल. अजूदीचे खरे मोठेपण वेगळे आहे. बुवैही अमीर अजूदुद्दौला याने ते उभारले तेव्हा तिथे चोवीस वैद्य नेमले होते. त्यात डोळ्यांचे वेगळे, शस्त्रक्रियेचे वेगळे, हाडे बसवणारे वेगळे. दोनशे वर्षांनी, ११८४ साली, अंदलुसचा प्रवासी इब्ने जुबैर बगदादला आला तेव्हाही ते चालू होते. दजला नदीचे पाणी आत खेळवलेली, राजवाड्यासारखी इमारत त्याने पाहिली. वैद्य सोमवारी आणि गुरुवारी येत, असे तो लिहितो.

त्याच प्रवासात इब्ने जुबैर दमिश्कला पोचला. तिथले नूरी बीमारिस्तान नूरुद्दीन झंगीने ११५४ साली बांधले होते. तिथे त्याने वह्या पाहिल्या. कारकुनांच्या हातात रुग्णांच्या नावांच्या नोंदवह्या, प्रत्येकाला कोणते औषध आणि कोणते अन्न लागते याचा खर्च मांडलेला. रोजचा खर्च सुमारे पंधरा दिनार. एका परक्या प्रवाशाला आठवण ठेवून लिहावीशी वाटली ती घुमटाची उंची नव्हे, तर नोंदवही. याच इमारतीत शिकवणेही चाले. मुख्य वैद्य अबुल मज्द सकाळी रुग्णांची फेरी करी, त्याने सांगितलेले औषध व पथ्य लगेच लिहून घेतले जाई. मग तो दालनात येऊन बसे. नूरुद्दीनने वक्फ केलेले वैद्यकीचे ग्रंथ तिथे कपाटांत ठेवलेले असत. शिष्य आणि इतर वैद्य भोवती जमत आणि तीन तास वाचन आणि वादविवाद चाले. रुग्ण, नोंद, ग्रंथ, चर्चा हे चारही एका छताखाली. आज वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून रुग्णालय असावे लागते, त्याचे हे जुने रूप.

या नूरी बीमारिस्तानातून एक रोपटे काहिराला गेले. १२७६ साली मम्लूक सुलतान बैबर्सचा एक सरदार दमिश्कमध्ये पोटशुळाने आजारी पडला. त्याला नूरी बीमारिस्तानातून औषधे आणून दिली. बरा झाल्यावर तो स्वतः इमारत पाहायला गेला आणि त्याने नवस केला की अल्लाहने मला राज्य दिले तर असेच एक बीमारिस्तान बांधीन. हा सरदार म्हणजे कलावून. किपचाक तुर्क, लहानपणी नव्हे तर वयात आल्यावर गुलाम म्हणून विकला गेलेला. हजार दिनारांना घेतला म्हणून त्याला ‘अल्फी’, म्हणजे हजारी, म्हणत. १२७९ साली तो सुलतान झाला.

नवस फेडताना मात्र जे झाले ते आपण सहसा सांगत नाही. काहिराच्या भर वस्तीत, ‘बैनुल कसरैन’ या भागात, फातिमी काळातील एक वाडा होता. त्यात अय्यूबी घराण्यातील स्त्रिया राहत होत्या. कलावूनने त्यांना दुसरा वाडा देऊन हा घेतला. कागदावर व्यवहार होता, प्रत्यक्षात सुलतानाला नाही म्हणण्याची सोय नव्हती. बांधकामाची जबाबदारी अमीर सन्जर शुजाई याच्यावर. या माणसाने शहरातले गवंडी आणि कारागीर यांना दुसऱ्या कोणाचेही काम करायला मनाई केली. कैद्यांना जुंपले. रोदा बेटावरच्या जुन्या किल्ल्यातले खांब आणि संगमरवर उखडून आणले. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला अडवून, घोड्यावर असेल तर खाली उतरवून, दगड वाहायला लावले. लोक तो रस्ता टाळू लागले. बीमारिस्तान, मदरसा, सुलतानाची कबर आणि यतीम मुलांचा मकतब असा हा प्रचंड पसारा १२८४-८५ मध्ये, वर्षभराच्या आसपास, उभा राहिला.

मग प्रश्न आला तो फतव्याचा. जुलमाने घेतलेल्या जागेत, वेठबिगारीने बांधलेल्या मदरशात नमाज पढावी का? काही उलेमांनी नको म्हटले आणि काही लोक तिथे नमाज टाळत. शतकभरानंतर इतिहासकार मक्रीझीने हा सगळा वाद नोंदवला आणि स्वतःचे मतही दिले. त्याचा सूर कडवट आहे. अय्यूबींकडून जागा घेतली म्हणता, पण अय्यूबींनी तरी ती फातिमींकडून कशी घेतली होती? वेठ म्हणता, तर कोणत्या राजाने वेठ घेतली नाही? चोराने चोरले ते दुसऱ्या चोराकडून, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. मला मक्रीझीचे हे उत्तर पुरेसे वाटत नाही. आधीच्याने अन्याय केला म्हणून दगड वाहणाऱ्या वाटसरूची पाठ कमी दुखली नसणार. पण फतवा देणाऱ्या उलेमांविषयी आदर वाटतो, कारण गाठ सुलतानाशी होती आणि काम पुण्याचे होते. पुण्याच्या कामाला असा प्रश्न विचारणे त्या काळीही सोपे नव्हते.

आणि तरीही आत गेल्यावर या इमारतीला दाद द्यावीच लागते. जुन्या वाड्याची मांडणी कायम ठेवली होती. मधे अंगण, त्याच्या चार बाजूंना चार मोठे ईवान. ईवानांमध्ये तापाचे रुग्ण. डोळ्यांचे दालन वेगळे, जखमा आणि शस्त्रक्रियेचे वेगळे, जुलाबाचे वेगळे, स्त्रियांचे वेगळे. सर्वत्र वाहते पाणी. स्वयंपाकघर, औषधे तयार करण्याची आणि साठवण्याची जागा आणि मुख्य वैद्याने बसून शिकवण्याची जागा. कलावूनने पहिल्या दिवशी तिथल्या सरबताचा पेला पिऊन जाहीर केले की हे माझ्या बरोबरीच्यांसाठी आणि माझ्याहून खालच्यांसाठी, राजासाठी आणि गुलामासाठी, स्त्रीसाठी आणि पुरुषासाठी आहे. वक्फनाम्याची भाषा मात्र मुसलमान रुग्णांपुरतीच आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बगदादच्या तुलनेत हे पाऊल मागेच होते.

पण या वक्फनाम्याचे बारकावे पाहा. रुग्णाला खाट, गादी, उशी आणि पांघरूण. उन्हाळ्यात ताडाच्या पानांचे पंखे. अन्न झाकून आणायचे आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या भांड्यात द्यायचे, दुसऱ्याच्या भांड्यात जेवू द्यायचे नाही. रोग कसा पसरतो याचे शास्त्र तेव्हा नव्हते, पण ही ओळ लिहिणाऱ्याने रुग्णांना जवळून पाहिले होते. घरी पडून असलेल्या गरिबाला घरपोच औषध. बरा होऊन जाणाऱ्याला कपडे. मेला तर कफन-दफनाचा खर्च. आणि हे सगळे चालावे म्हणून दुकाने, हमाम, जमिनी असे वक्फ करून ठेवलेले की त्यांचे उत्पन्न वर्षाला दहा लाख दिरहमांच्या घरात होते. त्यावर एक नाझिर. हे पद इतके मोठे की बडे अमीर त्यासाठी धडपडत.

तीन वर्षांनी, १२८८ साली, काहिराचा मुख्य वैद्य इब्ने नफीस वारला. तो मूळचा दमिश्कच्या याच परंपरेत शिकलेला. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्याच्या छिद्रांतून डावीकडे जाते, असे जालिनूसपासून सगळे मानत होते. इब्ने नफीसने लिहिले की पडद्याला छिद्रेच नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून येते. हे त्याने लिहिले ते इब्ने सीनाच्या ग्रंथावरच्या टीकेत, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या पुस्तकाच्या समासात बसून वडीलधाऱ्यांना चूक ठरवणे. हे हस्तलिखित १९२४ साली एका मिसरी डॉक्टराला जर्मनीत शिकत असताना पुन्हा दिसले, तोवर जगाला त्याची फारशी खबर नव्हती. या इब्ने नफीसने मरताना आपले घर आणि आपली सगळी पुस्तके कलावूनच्या बीमारिस्तानाला देऊन टाकली. सुलतानाच्या दानाला जुलमाचा डाग होता, या दानाला नव्हता.

पुढची पाचशे वर्षे हे बीमारिस्तान चालले. अठराव्या शतकाच्या मध्यात अब्दुर्रहमान कतखुदा नावाच्या अमिराने त्याची डागडुजी केली. पण १७९८ साली नेपोलियनच्या फौजेबरोबर फ्रेंच विद्वान आले तेव्हा त्यांना तिथे मोजके रुग्ण आणि बरीच दुर्दशा दिसली. वैद्यकशास्त्र मागे पडले हे एक कारण. दुसरे कारण वह्यांत आहे. वक्फाच्या जमिनी अदलाबदलीच्या नावाखाली हातातून गेल्या, दुकानांचे भाडे जुन्या दराने गोठले, नाझिराची नेमणूक मर्जीने होऊ लागली. इमारत कोणी पाडली नाही, तिचे उत्पन्न आधी पाडले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच आवारात डोळ्यांचा दवाखाना बांधला गेला.

आपल्याकडचे आकडे यापेक्षा वेगळे बोलत नाहीत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात देशातील नोंदलेल्या वक्फ मालमत्ता ४.९ लाख आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे १६३ कोटी रुपये दिले होते. मालमत्तेच्या पुस्तकी किमतीवर २.७ टक्के. बाजारभाव तर त्याच्या वीस पट, सव्वा लाख कोटींच्या आसपास. त्यानंतर २०१३ साली कायदा बदलला, २०२५ साली पुन्हा बदलला आणि तो वाद न्यायालयात गेला. त्या वादात सरकारचे हेतू काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण बगदादच्या त्या कारभाऱ्यासारखी हाशिमींची सोय आधी पाहणारी माणसे आपल्यातच होती, आहेत आणि त्यांना जाब विचारणारा अली इब्ने ईसा आपल्या मोहल्ल्यात सापडत नाही, हेही बोलले पाहिजे.

दख्खनची परंपरा या बाबतीत अधिक मोकळी होती. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद (१४३६-५८) याने बिदरला दारुश्शिफा बांधला, खर्चासाठी गावे लावून दिली आणि मुसलमान व हिंदू असे दोन्ही वैद्य नेमले, असे फरिश्ता लिहितो. मराठवाडा आणि वऱ्हाड तेव्हा याच राज्यात होते. हकीम आणि वैद्य एका दालनात बसून एकाच आजाऱ्याची नाडी पाहत असतील, तर त्यांच्यात काय बोलणे होत असेल याची कल्पना करावीशी वाटते. १५९५ साली मुहम्मद कुली कुत्बशाहने हैदराबादेत दोन मजली दारुश्शिफा बांधला. मधे अंगण आणि चारी बाजूंना खोल्या. तिथे उपचार होत आणि युनानी वैद्यक शिकवलेही जाई. एकोणिसाव्या शतकात तो बंद पडला. आज ‘दारुश्शिफा’ हे एका मोहल्ल्याचे नाव आहे.

त्याच शहरात मूसी नदीच्या काठी निझाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, १९२० च्या दशकात, उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तोवर बीड, परभणी, नांदेडकडच्या लोकांसाठी राजधानीतले मोठे इस्पितळ म्हणजे हेच. २०२० च्या जुलैत पावसाचे पाणी त्याच्या वॉर्डांत शिरले आणि जुनी इमारत रुग्णांसाठी बंद करण्यात आली. ती दुरुस्त करावी की पाडावी, यावर वाद कित्येक वर्षे चालला. जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल भागात नव्या इमारतीची पायाभरणी झाली.